शास्त्र्यांना बेथलेहेम ठाऊक होतं

प्रिय भाऊ,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. ते सगळं इथे छापता येणार नाही, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं मुख्य तेवढं आधी सांगते.

तुम्ही सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता. पणजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, तेव्हापासून तुमचं घराणं ख्रिस्ती मंडळीत आहे. गेली सात वर्षं तुम्ही पवित्र शास्त्राचा नेटानं अभ्यास करताय. पत्रद्वारा ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलीत, कामापुरती ग्रीकही शिकलात. मग हळूहळू असं झालं की उपदेश चालू असताना तुम्ही वहीत पाळकसाहेबांच्या चुका टिपू लागलात आणि उपासना सुटली की व्हरांड्यातच त्या त्यांना ऐकवू लागलात. तीन महिन्यांपूर्वी मिरजेतल्या घरगुती प्रार्थनासभेत एका मावशींनी साक्ष दिली. या मावशी हॉस्पिटलात आया होत्या, आता निवृत्त आहेत. नातीला दोनदा नापास झाल्यावर बारावी सुटली आणि नर्सिंगला प्रवेश मिळाला, म्हणून त्या देवाचे आभार मानत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "शास्त्रात लिहिलंयच ना, प्रयत्नांती परमेश्वर." तुम्ही तिथल्या तिथे, पंधरा माणसांसमोर सांगितलंत, की हे वचन शास्त्रात कुठेही नाही, ही नुसती म्हण आहे आणि ती कृपेच्या शिकवणुकीच्या अगदी उलट आहे, इफिसकरांस दुसरा अध्याय, आठवी ओवी वाचा. मावशी "बरं बाबा" म्हणून खाली बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी सभेत एकदाही मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही, आणि गेले काही बुधवार त्या आलेल्याच नाहीत.

तुमची पत्नी तुम्हाला म्हणाली, "तुम्ही देवाबद्दल इतकं बोलता, पण देवाशी बोलताना तुम्हाला ऐकून किती दिवस झाले?" मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे एल्डरांनी, तर "ज्ञान फुगवते" एवढंच म्हणून तुमचं तोंड बंद केलं. आता तुम्ही मला विचारताय: "मी जे बोललो ते चूक होतं का? आणि अभ्यासानंच माणूस असा होत असेल, तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकू का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण तेवढ्यानं तुमची सुटका होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही बोललात ते चूक नव्हतं. 'प्रयत्नांती परमेश्वर' शास्त्रात नाही, हे खरंच आहे. बरोबर असूनही माणूस पाप करू शकतो, हे आपल्याला कळायला फार वेळ लागतो, आणि हुशार माणसाला तर सगळ्यात जास्त. शाळेत आपल्याला शिकवतात की उत्तर बरोबर असलं की गुण मिळतात, विषय संपतो. तुम्ही शिक्षक आहात, मीही बत्तीस वर्षं शिकवलंय. हातात लाल पेन घेऊन आपलं आयुष्य गेलं. ते पेन खिशात ठेवून मंडळीत यायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

ज्या ओवीनं तुमचं तोंड बंद करण्यात आलं, ती आधी नीट पाहू. प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय आठ. विषय आहे मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा. आपल्याकडे हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गणपतीत शेजारच्या वहिनी ताटलीवर रुमाल टाकून मोदक घेऊन दारात उभ्या राहतात, तेव्हा आपल्या प्रत्येक घरात हा अध्याय उघडतो. कुणी प्रेमानं घेऊन खातं, कुणी घेऊन बाजूला ठेवतं, कुणाला घेणंच जड जातं. करिंथमध्येही असंच होतं. काही जण म्हणत होते, देव एकच आहे, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग खायला काय हरकत? आणि गंमत नाही, गांभीर्यानं सांगते, पौल त्यांच्याशी सहमत आहे! देव एकच आहे, हे तोही म्हणतो. ज्ञानाच्या बाबतीत तो त्यांची एकही चूक काढत नाही. आणि तरीही त्याच अध्यायात तो त्यांना सांगतो, की तुमच्या या ज्ञानामुळे तो दुर्बळ भाऊ नाश पावतो, आणि त्याच्यासाठी तर ख्रिस्त मेला.

मला हे वाक्य वाचताना दर वेळी थांबावं लागतं. अज्ञानामुळे नाश, हे आपण ऐकलेलं असतं. इथे ज्ञानामुळे नाश आहे, आणि तोही ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याचा नाही, शेजारी बसलेल्याचा.

त्या अध्यायात 'फुगवते' आणि 'उन्नती करते' असे दोन शब्द समोरासमोर ठेवलेत. तुम्ही ग्रीक शिकलात, तेव्हा तुम्हाला माहीत असेलच की दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ घर बांधणं असा आहे. फुगवणं आणि बांधणं. फुगलेली वस्तू घरापेक्षा लवकर मोठी दिसते, पण तिच्यात कुणाला राहता येत नाही. घर बांधायला वीट उचलावी लागते, खाली वाकावं लागतं, आणि बांधून झाल्यावर त्यात दुसरा माणूस राहायला येतो. तुमच्या सात वर्षांच्या अभ्यासात कोण राहायला आलं? हा प्रश्न मी दोषारोप म्हणून विचारत नाही. मला स्वतःला हा प्रश्न फार उशिरा पडला, आणि तोवर ज्यांना विचारायचं ते माणूस राहिलं नव्हतं.

ते सांगतेच.

माझे वडील मिरज जंक्शनवर कामाला होते. शिक्षण तिसरीपर्यंत. रोज रात्री जेवणं झाली की ते कंदील पुढे ओढायचे आणि बायबलमधला एक अध्याय मोठ्यानं वाचायचे, ओळीखाली बोट धरून. अवघड नाव आलं की बोट थांबायचं. ते शब्द तोंडात घोळवायचे, आणि तेवढ्या वेळात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली आई "हं" म्हणायची. तो "हं" म्हणजे 'मी ऐकतेय, सावकाश होऊ द्या.' मी अकरावीला असताना शास्त्र-परीक्षेत पहिली आले. बक्षीस म्हणून नवं बायबल मिळालं. त्या दिवसापासून मी ते समोर उघडून बसायला लागले आणि वडील अडखळले की त्यांच्या आधी शब्द म्हणायला लागले. नबुखद्नेस्सर. हबक्कूक. मी तो शब्द म्हणेपर्यंत आईचा "हं" तोंडातच राहायचा. दोनेक महिन्यांनी एका रात्री त्यांनी बायबल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "तूच वाच गं. तुझं शुद्ध असतं."

त्यानंतर आमच्या घरात वाचन शुद्ध झालं. वडिलांनी परत कधी मोठ्यानं वाचलं नाही. आणि मला आठवतं ते असं, की वाचनानंतरची त्यांची प्रार्थनाही आखूड होत गेली. आधी त्यात स्टेशनवरच्या हमालांची नावं यायची, शेजारच्या आजारी म्हातारीचं नाव यायचं. नंतर नुसतं "हे प्रभू, सर्वांना सांभाळ, आमेन." मी त्यांची माफी मागितली नाही, कारण मला त्यात माफी मागण्यासारखं काही दिसलंच नाही. मी तर बरोबर वाचत होते.

म्हणून तुमच्या पत्रातलं 'मावशी "बरं बाबा" म्हणून खाली बसल्या' हे वाक्य वाचलं, तेव्हा मला ते माझ्या घरातच ऐकू आलं.

आता मावशींच्या साक्षीकडे जरा माझ्याबरोबर पुन्हा पाहा. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस आठवतो? परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी धर्मपुढारी, त्याला खोदून खोदून विचारतात: हा येशू कोण, कुठला, शब्बाथाचा नियम मोडणारा देवाकडचा कसा असेल? त्याला यातलं काहीच सांगता येत नाही. तो म्हणतो, मला एकच ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. शेवटी ते चिडतात: तू पापात जन्मलेला, आणि तू आम्हाला शिकवतोस काय? आणि त्याला बाहेर घालवतात. तुमच्या मावशींनाही एकच गोष्ट ठाऊक होती. पोरगी दोनदा पडली होती आणि आता उभी आहे, आणि हे देवानं केलं. त्यांच्या अंतःकरणात कृपाच होती, ओठावर मात्र म्हण आली, कारण लहानपणापासून कानावर तीच पडलेली. तुम्ही त्यांचे ओठ तपासलेत.

आणि ज्या ओवीनं तपासलेत, तिच्या पुढची ओवी वाचायची राहिली. इफिस दोन, आठ सांगितलीत: कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे. लगेच नववी म्हणते की हे कर्मांनी झालेलं नाही, कुणी आढ्यता बाळगू नये म्हणून. भाऊ, आढ्यता मोडायला दिलेलं वचन आपण आढ्यतेनं वापरू शकतो. ज्ञानाच्या गर्वात हेच मोठं भय आहे. पैशाचा गर्व असलेल्या माणसाला निदान शास्त्र आडवं येतं. शास्त्राचाच गर्व झाला तर आडवं यायला उरतं काय? रानात प्रभूची परीक्षा पाहणाऱ्या सैतानालाही स्तोत्र पाठ होतं.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी सगळ्यात गंभीरपणे घेते. पोटात बिघाड झाला की जीभ आधी सांगते, तशी गर्वाची खूण प्रार्थनेत आधी दिसते. देव हा अभ्यासाचा विषय झाला की तो 'तो' होतो. 'तू' राहत नाही. आपण त्याच्याबद्दल नेमकं बोलतो, सुंदर बोलतो, आणि तो खोलीतच बसलेला आहे हे विसरतो. मग उपासनेत गीत सुरू झालं की आपण त्यातली शिकवण तपासतो, उपदेश सुरू झाला की वही काढतो, प्रभुभोजनाच्या वेळी विधीचा क्रम चुकला का ते पाहतो. भाकर हातात येते आणि आपण उपाशीच घरी जातो. तुम्ही पत्रात एक वाक्य जाता जाता लिहिलंय: "हल्ली उपदेशातून मला काहीच मिळत नाही." पाळकसाहेबांचा उपदेश कदाचित खरंच कच्चा असेल. पण परीक्षकाला उत्तरपत्रिकेतून कधी काही मिळतं का?

तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस पाश्चात्त्य मंडळीतला सर्वांत मोठा अभ्यासक मानला जातो. त्यानं आयुष्यभर लिहिलं, आणि डिसेंबर १२७३ मध्ये एका उपासनेनंतर लेखणी ठेवली ती ठेवलीच. मदतनिसानं आग्रह केला, तेव्हा म्हणाला, मला जे दिसलं त्यापुढे मी लिहिलेलं सगळं पेंढा वाटतो. त्याचा मोठा ग्रंथ अपुराच राहिला आणि तीनेक महिन्यांत तो वारला. म्हणून कुणी त्याचं लिखाण जाळलं नाही. मंडळी ते आजही वाचते. पण ज्यानं लिहिलं, त्यानं स्वतः ते उशाला घेतलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पुस्तकं माळ्यावर टाकण्याचा. कृपा करून असं करू नका.

तुम्हाला गप्प करणाऱ्या मंडळीतल्या वडिलांनाही मला सांगायचंय, आणि ते हे सदर वाचत असतील तर बरंच. "ज्ञान फुगवते" हे अर्धं वाक्य आहे. ते दुसऱ्याच्या तोंडावर झाकण म्हणून ठेवायला दिलेलं नाही. आम्ही साधी माणसं, आम्हाला काही कळत नाही, असं म्हणत छाती पुढे काढणं हाही फुगाच असतो, फक्त त्यात वेगळी हवा. पूर्ण मनाने देवावर प्रीती करा, ही आज्ञा प्रभूनंच दिलेली आहे, आणि मनात बुद्धी येतेच. आपल्या भागाचंच पाहा. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. ते नुसतेच भाविक असते आणि हातात शस्त्रक्रियेची विद्या नसती, तर तुमच्या पणजोबांना कंपाउंडर कुणी केलं असतं?

आणि पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा वय विशीचं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण म्हणून प्रश्न विचारणं थांबवलं नाही. तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्यापैकी काहींना हे प्रश्न म्हणजे गर्व वाटला, आणि तसं त्यांना सुनावण्यातही आलं. म्हणजे ज्ञानाच्या गर्वाचा आरोप त्यांच्यावरही झाला. आरोप झाला म्हणजे गर्व असतोच असं नाही, हे इथे लक्षात घ्या.

मग त्यांनी त्या विद्येचं पुढे काय केलं? केडगावच्या मुक्ती मिशनात, दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या आणि टाकलेल्या बायकांच्या मध्ये बसून, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलचा मराठी अनुवाद केला. आधीचा अनुवाद होताच. पण तो साध्या बाईला जड जातो, असं त्यांना वाटलं. संस्कृतची पंडिता संस्कृताळलेले शब्द वेचून वेचून बाजूला ठेवत होती, चुलीपुढच्या बाईला कळावं म्हणून. त्यात वर्षांमागून वर्षं गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या, काम तेव्हा नुकतंच पुरं झालं होतं, आणि १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापून निघालं. ज्या बायकांना अक्षर ठाऊक नव्हतं, त्यांनी खिळे जुळवले.

रमाबाईंची विद्या तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती. तिच्यात माणसं राहायला आली.

हरिपूरला हळदीची पेवं पाहिलीत ना तुम्ही? २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच निकामी केली, पण ज्यांनी ती उघडताना पाहिलीत त्यांना आठवत असेल. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकते, किडा लागत नाही. पण पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. तोंड मोकळं ठेवून वारा जाऊ देतात, आधी दिवा सोडून पाहतात, विझला तर थांबतात. हळदीला आतल्या कोंडलेल्या हवेचं काही होत नाही. जीव माणसाचा जातो. तुमच्या अभ्यासात खोट नाही, तो उत्तम मालच आहे. तुम्ही त्यात एकटे उतरलात आणि तोंड लावून घेतलंत. कुणाबरोबर वाचता? तुमच्या अभ्यासाला प्रश्न कोण विचारतं? पदविका पत्रद्वारा, पुस्तकं मागवलेली, टिपणं वहीत. सात वर्षांत एकही जिवंत माणूस समोर बसून "मला हे नाही पटलं" म्हणालं नसेल, तर श्वास कोंडणारच. आठवड्यातून एकदा पत्नीबरोबर एक अध्याय वाचा. त्यांना आधी बोलू द्या. त्या बोलत असताना मनात उत्तर जुळवू नका.

पाळकसाहेबांचं काय करायचं? मंडळीत चूक शिकवली जात असेल तर गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. पण प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय पाहा. अपुल्लो मोठा वक्ता, शास्त्रात पारंगत, इफिसच्या सभास्थानात उत्साहानं बोलतोय, आणि त्याचं ज्ञान अपुरं आहे. ऐकणाऱ्यांत राहुट्या शिवणारं एक जोडपं बसलंय, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला. त्यांना चूक कळते. ते सभेत उठून उभे राहत नाहीत. त्याला आपल्याकडे घेऊन जातात आणि देवाचा मार्ग अधिक चांगला समजावून देतात. मी नेहमी कल्पना करते की आधी जेवण झालं असेल. त्यांनी दुरुस्ती केली आणि अपुल्लोचं बोलणं बंद पडलं नाही. तो पुढे अखयात गेला आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याचा फार उपयोग झाला. दुरुस्ती नीट झाली की नाही हे यावरूनच ओळखायचं. ज्याला दुरुस्त केलं तो अधिक बोलू लागला, की गप्प झाला?

तेव्हा व्हरांड्यातलं सांगणं आजपासून बंद. वही चाळीस दिवस घरी ठेवा, उपवासकाळाची वाट पाहायची गरज नाही. आपण एरवी मटणाचा उपास करतो, तुम्ही दुरुस्तीचा करा. चाळीस दिवस कुणाचंही वचन, उच्चार, संदर्भ सुधारायचा नाही, वर्गातल्या मुलांचा सोडून. पहिला आठवडा फार अवघड जाईल. तोंडापर्यंत आलेला शब्द गिळताना जे वाटेल, तेच प्रार्थनेत सांगा. बरेच दिवसांनी देवाला सांगायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल. चाळीस दिवसांनंतरही एखादी गोष्ट सांगण्याजोगी वाटली, तर पाळकसाहेबांना घरी जेवायला बोलवा.

आणि आता शेवटचं, जे मला पत्र वाचल्यापासून सांगायचंय.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, यरुशलेमेत येतात आणि विचारतात, यहूद्यांचा राजा जन्मला तो कुठे आहे? हेरोद राजा मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो. आणि त्यांना उत्तर येतं! चटकन. यहूदीयातल्या बेथलेहेमात. मीखा संदेष्ट्याचं वचनही म्हणून दाखवतात. सगळं अचूक. ज्या क्षणाची त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी वाट पाहिली, त्या क्षणाचा पत्ता त्यांना पाठ होता. मागी निघाले आणि पोचले. शास्त्र्यांपैकी कुणी गेल्याचं मत्तय सांगत नाही. त्यांनी पत्ता सांगितला आणि ते घरी गेले.

यरुशलेमपासून बेथलेहेम किती लांब आहे, ठाऊक आहे? नऊ-दहा किलोमीटर. सांगलीपासून मिरज जेवढं, तेवढंच.

तुम्ही पत्रात लिहिलंय की मावशींना एक सविस्तर पत्र लिहून तुमचा हेतू शुद्ध होता हे कळवायचा विचार आहे, सोबत कृपेविषयीची एक पुस्तिकाही पाठवायची आहे. पाठवू नका. या शनिवारी शहर बस किंवा वडाप पकडा आणि मिरजेला त्यांच्या घरी जा. पत्नीला बरोबर न्या. हातात बायबल नको. बिस्किटाचा पुडा किंवा नातीसाठी एखादं पेन चालेल. चहा येईल, तो होऊ द्या. मग एवढंच म्हणा: "मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर अडवलं. ते माझं चुकलं. मला क्षमा करा." 'माझा हेतू', 'तसं पाहिलं तर', 'शिकवणुकीच्या दृष्टीनं' हे शब्द दारातच चपलांबरोबर काढून ठेवा. त्या म्हणतील, "अरे, मी कधीच विसरले." त्यावर विश्वास ठेवू नका, पण वादही घालू नका.

मग नातीची हकिकत पहिल्यापासून विचारा. पोरगी पहिल्यांदा नापास झाली त्या दिवशी घरात काय झालं, फीचे पैसे कसे उभे केले, रात्री प्रार्थनेत त्या काय म्हणायच्या. सगळं ऐका. मध्ये म्हण येईल, चुकीचा संदर्भ येईल, कदाचित दाविदाचं वचन पौलाच्या नावावर जाईल. तुम्ही "हं" म्हणा.

आणि उठण्याआधी त्यांना सांगा, की माझ्यासाठी प्रार्थना करा. मोठ्यानं. डोकं खाली घाला आणि त्यांचं होईपर्यंत वर करू नका. नंतर विचारा, बुधवारच्या सभेला मी तुम्हाला न्यायला येऊ का, साडेसहाला?

ख्रिस्तात तुमची बहीण